पेटीचे सोळा टक्के

म्हातारपणी माणूस निवळतो म्हणतात. मी निवळले नाही. घरात कुणी सहज म्हणालं की अमुक वस्तू नुसती पडून असते, वापर नाही, देऊन टाकू, की माझा आवाज चढतो. मुलं एकमेकांकडे बघतात. त्यांना वाटतं, आईला वस्तूंचा मोह आहे. वाटू दे.

मुलुंडला एका ट्रस्टचं प्रसूतिगृह होतं. खाली तपासणी, वर वीस खाटांचा वॉर्ड, जिन्याखाली माझं टेबल. संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मी तिथे रेकॉर्ड क्लार्क होते. गिरण्या बंद पडल्या होत्या, वडील घरी बसले होते, भाऊ साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहायचा. त्या दिवसांत नोकरी निवडून घेण्याची चैन आमच्यापैकी कुणालाच नव्हती. पण मला ते काम आवडायचं हेही खरं आहे. वह्या सरळ रेघांच्या, अक्षर माझं सुंदर, आणि बेरीज कधी चुकायची नाही.

वॉर्डाच्या टोकाला एक छोटी खोली होती. तिथे पेटी असायची. डॉक्टर तिला इनक्युबेटर म्हणत, बाकी जग पेटी म्हणे. दिवस पुरे न होता जन्मलेलं बाळ काचेच्या आत, ऊब देऊन ठेवायचं. "पेटीत ठेवलंय" एवढं म्हटलं की बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना सगळं कळायचं, भीतीही आणि आशाही. पेटीची देखभाल मावशींकडे होती. मावशी म्हणजे आमच्या आयाबाई, कणकवलीकडच्या, काळ्याभोर, हडकुळ्या. बाळ असो नसो, त्या रोज सकाळी पेटी पुसून, बटण दाबून, तापवून ठेवायच्या. एकदा मी म्हणाले, "मावशी, रिकामी पेटी कशाला तापवता?"

"रिकामी खंय आसा?" त्या म्हणाल्या. "हात लावन बघ. गरम आसा."

मी हात लावला आणि हसले. तेव्हा मला फार हसू यायचं.

आता माझ्या वहिनीचं सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठी आहे. वहिनीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, कोकणात. सातव्यातच दुखू लागलं. मुलगा झाला, मुठीएवढा. गावात पेटी कुठली? कापसात गुंडाळून चुलीशेजारी ठेवला, दोन दिवस टिकला. वहिनी परत आली ती दुसरीच होऊन आली. दीड वर्षाने पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिच्या आईची दोन पत्रं आली, मुलीला पाठवा म्हणून. माझी आई रीतभात मानणारी, पण तिने कळवलं, यावेळी नाही. आणि हे तिने माझ्या भरवशावर कळवलं. मीच घरी सांगितलं होतं, आमच्याकडे पेटी आहे, वहिनीचं नाव तिथेच घालू. वहिनी त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवली. "वन्सं, ती पेटी मला एकदा दाखवाल?" असं तिने विचारलं. मी तिला नेऊन दाखवली. तिने काचेला हात लावला, आणि मावशींनी तिच्याकडे बघून मान हलवली.

याच सुमारास टक्केवाले साहेब आले. हे नाव वॉर्डातल्या बायकांनी ठेवलेलं. ट्रस्टच्या एका विश्वस्तांचा साकीनाक्याला यंत्रांचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता, माझा भाऊ लेथवर होता तोच, तिथले हे इंजिनीअर. लेथ किती तास चालते, किती तास उभी राहते, याची नोंद करून त्यांनी त्या कारखान्याचं उत्पादन वाढवलं होतं म्हणे. विश्वस्तांना वाटलं, हेच दवाखान्यांना का लावू नये? ट्रस्टचं अंधेरीला मोठं रुग्णालय होतं आणि मुलुंडला आम्ही. साहेब दोन्हीकडे फिरू लागले. तरुण होते, वाईट नव्हते, चहा दिला तर कप स्वतः विसळून ठेवायचे. मला हे मुद्दाम लिहावंसं वाटतं, कारण राग करायला खलनायक मिळाला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

त्यांनी मला शिकवलं ते असं: वस्तू जितके दिवस वापरली, त्याला जितके दिवस ती हाताशी होती त्याने भागा, शंभराने गुणा. हा वापर निर्देशांक. शिवाय दुसरा एक रकाना होता, उपयुक्तता निर्देशांक. वापरल्याने फायदा किती जणांना झाला, तो. खाटा, शस्त्रक्रियेचं टेबल, वजनकाटा, पेटी, सगळ्यांचे दोन-दोन आकडे काढायचे. त्यांनी आपला कॅल्क्युलेटर माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुमचं डोकं झकास चालतं. इथे फुकट चाललंय."

मला काय वाटलं असेल ते सांगायला नको. चाळीतल्या बायकांना आई सांगत सुटली की आमची मुलगी टक्के काढते. मी खरंच काढत होते. घरी भाताच्या पातेल्याचाही वापर निर्देशांक काढून दाखवला, भाऊ वैतागून म्हणाला, "गप ए, दिवसभर तिकडे हेच ऐकतो. मुतायला गेलो तरी मशीन उभी राहिली म्हणून लिहितात." मी त्याला हसले.

पेटीचा आकडा काढायला मी पेटीची वही घेतली. ही वही पेटीच्याच बाजूला खिळ्याला टांगलेली असायची. बाळ कधी ठेवलं, दूध कधी दिलं, वजन किती, पेटीतून कधी काढलं. वर्षभराची पानं उलटली. बारा बाळं, अठ्ठावन्न दिवस. भागिले तीनशे पासष्ट. सोळा टक्के. बाराची बारा घरी गेलेली, म्हणून उपयुक्तता शंभर. मला तो शंभर बघून आनंद झाला होता.

तक्ता पाठवण्याआधी सही घ्यायला मी मोठ्या सिस्टरांकडे गेले. वॉर्ड त्यांचा. वीस-बावीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई, बोलणं तोडून टाकणारं. त्यांनी सोळाचा आकडा बघितला आणि त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "थोडे दिवस वाढवून लिही ना गं."

"वाढवून म्हणजे?"

"म्हणजे वाढवून. चाळीसेक दिवस. पेटी काही इतकी रिकामी नसते."

"सिस्टर, वहीत जे आहे तेच मी लिहिणार," मी म्हणाले. "आकड्यांत खोटं चालत नाही." आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण मला विद्या चढली होती. नोंद, शिस्त, विश्वासार्हता, असलं काहीबाही मी त्या बाईला ऐकवलं. तिच्या निम्म्या वयाची मी. त्यांनी पेन उचललं आणि सही केली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पंचवीस टक्क्यांखाली वापर असलेलं यंत्र जिथे गरज जास्त तिथे हलवायचं, असं ठरलं होतं. आमची पेटी अंधेरीला जाणार.

मी पत्र घेऊन तशीच जिना चढले. आकडा म्हणजे नुसती माहिती असते, अशी माझी समजूत. माहितीला हात फुटतात आणि ते हात येऊन वस्तू उचलून नेतात, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. सिस्टर पेटीच्या खोलीत होत्या, मावशीही. मी पत्र वाचून दाखवलं. मावशी खाली बसल्या.

"चाळीस दिवस," सिस्टर म्हणाल्या. "मी तुला सांगितलं होतं."

"पण ते वहीत नाहीत!"

"नाहीतच." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "सात पोरं गेली वर्षात. कुणी चार दिवस काढले, कुणी आठ. ती या वहीत ठेवत नाही आम्ही."

मला कळेना. मग मावशींनी सांगितलं. वही पेटीजवळ टांगलेली. बाळाला ठेवायला आलेली आई, आजी, कुणीही ती चाळतं. "मेल्ल्या पोराचा नाव पेटयेच्या वहीत लिवचा नाय, बाय. दुसरी आवस वाचतली आणि आपल्या पोराक पेटयेत घालूक देवची नाय." एकदा तसं झालं होतं. नोंद वाचून एका सासूने बाळ उचलून घरी नेलं होतं. तेव्हापासून बाळ गेलं की सिस्टर त्याचं पान काढून घ्यायच्या आणि नोंद फक्त मृत्यूच्या मोठ्या रजिस्टरात जायची, जे कपाटात बंद असायचं. ते रजिस्टर माझ्याकडे सहीला यायचं, पण त्यात पेटीचा उल्लेख नसायचा. म्हणजे पेटी जेव्हा सगळ्यात जास्त झिजली, मावशी जेव्हा आठ-आठ दिवस तिच्याजवळून हलल्या नाहीत, ते सगळे दिवस माझ्या हिशेबात रिकामे होते.

"मग मला सांगायचं ना!" मी ओरडले. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"काय सांगू?" सिस्टरही चिडल्या. "सात नावं तुझ्यासमोर मोजून दाखवू? तू मला खरं-खोटं शिकवत होतीस."

मी आजही ठरवू शकलेले नाही, जास्त राग मला कुणाचा येतो. त्यांनी पान काढलं याचा येतो. मी त्यांना जे ऐकवलं त्याचा तर येतोच. पण त्या दिवशी राग गिळून मी कपाटातलं रजिस्टर मागवलं, सातही बाळांचे दिवस सिस्टरांकडून काढून घेतले, तारखा जुळवल्या. बरोबर चाळीस. अठ्ठावन्न अधिक चाळीस. वापर जवळपास सत्तावीस टक्के. पंचवीसच्या वर! मी तो कागद छातीशी धरून साहेबांची वाट बघत राहिले.

साहेबांनी कागद शांतपणे वाचला. "मूळ वहीत हे नाही," ते म्हणाले.

मी कारण सांगितलं. त्यांना ते पटलंही. माणूस समजूतदार होता, हेच तर. "ठीक आहे, धरू आपण," ते म्हणाले. "वापर सत्तावीस. आता दुसरा रकाना बघा. एकोणीसपैकी बारा. उपयुक्तता शंभरावरून त्रेसष्टवर आली. म्हणजे पेटीचा वापर होतो, पण फायदा होत नाही. मग तर ती तज्ज्ञांकडेच असायला हवी ना?"

पोरं लिहिली नाहीत म्हणून पेटी रिकामी, आणि लिहिली तर पेटी निकामी. त्यांनी पेन्सिलीने त्रेसष्टभोवती गोल काढला.

"साहेब," सिस्टर दारातून म्हणाल्या, "माझ्या बांगडीत ही सेफ्टी पिन बघा. कित्येक महिने लागत नाही. ज्या दिवशी लागते त्या दिवशी साकीनाक्याला जाऊन आणू का?"

ते हसले. चांगलं हसले, मनापासून. "सिस्टर, तुम्ही विश्वस्तांच्या बैठकीला यायला हवं." पण बैठकीला सिस्टरांना कुणी बोलावलं नाही.

पेटी नेली त्या सकाळी मावशींनी तिच्या पायाला काळा दोरा बांधला, बाळाच्या पायाला बांधतात तसा. हमाल हसले. मावशींनी त्यांना अशी एक शिवी दिली की ते जिना उतरेपर्यंत गप्प होते. वही मात्र माझ्या टेबलावर राहिली. यंत्र गेलं, वही कुणाला नको होती.

आम्ही वहिनीला घेऊन अंधेरीला नाव घालायला गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, मुलुंडची बाई, मुलुंडलाच नाव, तिथून चिठ्ठी आली तर बघू. वहिनीला मी सांगितलं, लागली तर तिथली पेटी मिळेल, ठरलंय. ठरलं काहीच नव्हतं. सातवा लागला होता. माहेरी पाठवायला आता उशीर झाला होता, आणि माहेरी तरी काय होतं?

सहा आठवड्यांनी, डिसेंबरात, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आई वहिनीला रिक्षातून घेऊन आली. दोन तासांत सगळं झालं. मुलगी. सव्वा किलो. रडली, बारीक आवाजात, पण रडली. सिस्टरांनी तिला माझ्या हातात दिलं तेव्हा तिचे ओठ हलत होते. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. रुग्णवाहिका अंधेरीला होती, तिकडून येऊन परत जाण्यापेक्षा टॅक्सी बरी. कापूस, दुपटी, गरम पाण्याच्या दोन बाटल्या, मी आणि मावशी.

भांडुप, कांजूरमार्ग, पवई. काचा बंद, तरी मला वाटे वारा येतोय. मावशींनी तिला माझ्या पोलक्याच्या आत घातलं, उराशी, आणि वरून माझाच पदर गच्च आवळला. साकीनाक्याला पाळी सुटायची वेळ, हातगाड्या, टेम्पो, टॅक्सी हलेना. डावीकडच्या गल्लीत माझा भाऊ लेथवर उभा होता. त्याला अजून मुलगी झाल्याचंही माहीत नव्हतं. मी उतरून पळत जाऊन सांगायला हवं होतं असं पुढे कितीदा वाटलं. तेव्हा मी फक्त टॅक्सीवाल्यावर ओरडत होते आणि तो बिचारा हॉर्नवरून हात काढत नव्हता.

अंधेरीला बालकक्षाच्या दारातच मला आमची पेटी दिसली. काळा दोरा तसाच होता. आत दोन बाळं होती, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. शेजारच्या दोन पेट्यांतही तसंच.

"ही आमची पेटी आहे," मी म्हणाले. मूर्खासारखं, पण हेच म्हणाले.

तिथली सिस्टर दमलेली होती. "बघ गं बाई तूच. एकेकीत दोन-दोन आहेत. कुणाला बाहेर काढू? सांग, काढते." तिने चिठ्ठी वाचली, बाळाला तपासलं, दाराशी सिलिंडर ओढून ऑक्सिजनची नळी लावून दिली. "तास-दोन तासांत एक रिकामी होईल. इथेच बस."

बाहेर बाक होता. बाकाच्या वर भिंतीवर आलेख लावला होता, साहेबांच्या अक्षरातला. पेट्यांचा वापर, महिन्यामागून महिना, लाल रेघ चढत चढत शंभराच्या वर गेलेली. खाली 'उद्दिष्ट साध्य' असं लिहिलं होतं. मी त्याच्याखाली बसले होते. शंभर टक्के म्हणजे पुढच्या बाळाला जागा नाही, एवढा साधा अर्थ मला बी.एस्सी. होऊन कळला नव्हता, आणि मावशी तर रोज सकाळी बटण दाबताना तो सांगत होत्या.

पेटी रिकामी व्हायच्या आत ती गेली. मला कळलंही नाही. मावशींना कळलं. त्यांनी पदरात हात घालून बघितलं आणि माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

महिना संपला. तक्ते मलाच भरायचे होते. आमच्या वॉर्डाच्या रजिस्टरात वहिनीच्या मुलीसमोर सिस्टरांनी नियमाप्रमाणे लिहिलं होतं, 'जिवंत, पुढे पाठवली'. अंधेरीला ती दाखलच झाली नव्हती, त्यामुळे तिथल्या वहीत तिचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे त्या महिन्यात दुसरं कुणी दगावलं नव्हतं. बालमृत्यूच्या रकान्यात शून्य आलं. मी ते शून्य दोनदा तपासलं. बरोबर होतं. साहेबांनी तक्ता परत पाठवला तेव्हा त्या शून्याशेजारी लाल पेनाने लिहिलं होतं, 'फार छान'. मी तो कागद फाडला, तुकड्यांचे तुकडे केले आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. घरात यावरून भांडण झालं, तेही आठवतं.

वहिनी खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. दूध येत होतं म्हणून आईने छाती फडक्याने घट्ट बांधली होती. ती काही विचारायची नाही. एका दुपारी मी शेजारी बसले होते, तेव्हा तिने विचारलं, "वन्सं, तिला कुठल्या वहीत लिहिलंत?"

मी आकड्यांत खोटं चालत नाही म्हणणारी बाई.

"पेटीच्या," मी म्हणाले.

तिने माझा हात शोधला आणि धरला. "म्हणजे पेटी मिळाली तिला," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.